स्त्रीपार्टीचा सत्कार

"प्रत्येक शब्दामागे एक संस्कृती उभी असते," हरिहर मास्तर म्हणाले. मास्तर बाळकुमच्या शाळेत भूगोल शिकवीत आणि त्यांना स्वतःला उभे राहायला मागे भिंत लागे.

"'स्त्रीपार्टी'च घे. स्त्री संस्कृत, पार्ट इंग्रजी, शेवटची ई आपली. नाटकात बाईचा पार्ट करणारा तो स्त्रीपार्टी. तीन मुलखांचं पाणी प्यालेला शब्द आहे, नाथा!"

"असंल. पन आवंदा लुगडं मना नेसाया मिलंल का?"

नाथा मिठागरात राबे. जत्रेच्या नाटकात नायिका तोच, हे त्याच्या लग्नाआधीपासून ठरलेले. लुगडे तेव्हा आईचे असे, पुढे बायकोचे, गोदाचे. यंदा, सत्तावन्न साली, मंडळाने डोंबिवलीहून खरी बाई ठरवली होती.

"काळ बदलला रे. आम्ही तुझा सत्कार करू."

"सत्कार नेसता येतो का, मास्तर?"

मास्तर भिंतीला टेकले.

सत्काराला कल्याणचे पुढारी परशुरामपंत बोलावले. "आमच्या स्त्रीपार्टीचा सत्कार आहे," एवढेच मास्तरांनी सांगितले. निवडणूक तोंडावर आलेली. पार्टी म्हटले की पंतांना दुसरा अर्थ सुचत नसे. ते लुगडे, खण, नारळ घेऊन आले आणि बायकांच्या मतांवर घसा बसेस्तोवर बोलले.

"या पार्टीशी आमच्या पक्षाचं वैर नाही! अध्यक्षबाईंनी पुढं यावं!"

नाथा पुढे आला. बाई आयत्या वेळी आलीच नाही तर, म्हणून त्याने सकाळीच मिशा उतरवल्या होत्या.

"बायल्या!" मागून कोणीतरी ओरडले. मंडप हसला. पंत गोंधळले, पण पुढे केलेला हात मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती. नाथाने खांद्यावरचा पंचा पदरासारखा पुढे धरला, मान किंचित झुकवली आणि ओटी घेतली. हसणे जरा थांबले.

डोंबिवलीची बाई वेळेवर आली. पडदा वर गेला तसा नाथा घरी निघाला.

घरी त्याने दार लोटून लुगडे उलगडले. गोदा चुलीपासून बघत होती.

"नेस एकदाचा. मंग मना दे. तुज्या पार्टापायी माजी सारी लुगरी फाटली."

नाथा नेसू लागला. निऱ्यांपर्यंत येण्याआधीच लुगडे संपले. पंतांच्या माणसाने स्वस्तातले, आखूड उचलले होते.

गोदा लहानखुरी होती. तिला ते पुरले.