न आलेल्या अंकाची पट्टी

त्या रविवारी बाबा नेहमीसारखे पुढच्या खोलीत कामाला बसले होते. आठवडाभर ते कचेऱ्यांच्या फायली आणि वाचनालयांची फाटकी पुस्तकं बांधायचे. रविवार मात्र त्यांच्या कॉमिक्सचा. पाच अचाट माणसांच्या एका पथकाचे अंक ते उरलेल्या कापडा-पुठ्ठ्यात वर्षानुवर्षं बांधत आले होते.

मी चहा ठेवला. ठरलेला प्रश्न आला.

"काय मग, या पाचांत तू कोण?"

"बाबा, मी वाचलंय कुठे?"

"एवढाले ग्रंथ पचवतेस आणि चित्रं जड जातात होय?"

"घट्ट कपडे घालून उडणारी माणसं नाही पचत मला."

"उडतो एकच. बाकीचे चालतात बिचारे," असं म्हणून त्यांनी खळ लागलेल्या बोटांनीच कप उचलला. आतून आई ओरडली, "आधी हात धुवा!" एवढंच झालं त्या दिवशी.

मंगळवारी काम करता करताच ते गेले.

महिन्याभराने आई म्हणाली, "त्या शिकंज्यातलं काढ बाई. येता-जाता दिसतं." पुस्तकं दाबायच्या त्या शिकंज्यात बाबांनी आवळून ठेवलेले अंक शिवायचे राहिले होते. शिवण मला येते. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या शेजारी बसून काढल्या आहेत. पण क्रम नीट लावायचा तर वाचायला हवं होतं. मी पहिल्या खंडापासून सुरुवात केली.

आधी नुसता गोंधळ. सगळे एकदम बोलतात. शहर पेटलेलं असतं आणि कप्तान व दगडी अंगाचा म्हातारा, सकाळी दिवा कोणी चालू ठेवला यावर भांडत असतात. खलनायकसुद्धा त्यांचं संपेपर्यंत ताटकळतो. हळूहळू मला त्या घरची सवय झाली. म्हाताऱ्याला मी दगडोबा म्हणू लागले. कोणी एकटा सापडला की बाकीचे धापा टाकत, उशिरा का होईना, येतातच. मी त्यांची वाट बघू लागले.

तिसऱ्या खंडात कप्तान मेला. पान उलटलं, तर हसत दारात उभा. त्यापुढच्या अंकांत मात्र सगळे त्याच्यासाठी रडताहेत.

"आई, बाबांकडून अंक मागेपुढे झालेत."

"मागेपुढे कसले! कप्तान गेल्यावर हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तो परत आला तो अंक कितीतरी महिन्यांनी निघाला. मग म्हणाले, बाइंडर मी आहे, माझ्या घरात तो लगेच परत येणार."

"आणि पुढे सगळे रडतात त्याचं काय?"

"म्हणाले, रडू दे. आपल्याला माहीत आहे ना!"

आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

शिकंज्यातल्या शेवटच्या अंकात दगडोबा मेला. मी बाजूचा सुटा ढीग उपसला, दुकानदाराला फोन केला. दगडोबा परत येतो असा अंक अजून निघालाच नव्हता.

फाइल बांधताना मागून येणाऱ्या कागदांसाठी बाबा कोऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या शिवून ठेवायचे. कागद आला की पट्टीला चिकटवायचा, शिवण उसवावी लागत नाही. दगडोबा मेला त्या पानामागे मी तशी पट्टी शिवली.

आई दोरा ओवून देत होती. "येईल का गं तो?"

"यांच्यात येतात."

ती भाजी बघायला आत गेली. मी कण्याला खळ लावली आणि खंड परत शिकंज्यात आवळला. पथकात एक मुलगी आहे. भिंती, गोळ्या, माणसं, सगळं तिच्या आरपार जातं. कोणी हात धरायचा तर तिने मनात आणून आधी घट्ट व्हावं लागतं. ते तिला फार थोड्या जणांसाठी जमतं.

बाबांचं स्टूल रिकामं होतं. मी त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बाबा, मी ती आरपारवाली. पण तुमच्याजवळ बसले की मी घट्ट असायचे."