ब्रेकवरचा पाय

माझ्या नवऱ्याने, आर्वोने, एकतीस हिवाळे काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. एकदाही खड्ड्यात गेला नाही. मला हे पाठ आहे, कारण आठवड्यातून एकदा तरी तो ते ऐकवतो. नोव्हेंबर लागला की निम्मं गाव त्याला विचारून टायर बदलतं. एल्साच्या दुकानात सकाळच्या कॉफीला खिडकीजवळची त्याची खुर्ची दुसरं कुणी घेत नाही. रस्त्याच्या बाबतीत आर्वोचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

म्हणूनच डेलसाठी प्रार्थना झाली त्या दिवशी, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणीतरी हळूच विचारलं, "झालं कसं पण, आर्वो?" आणि आर्वो म्हणाला, "पाय दाबून धरला तिने." तेवढं एक वाक्य अंधार पडायच्या आत गावभर झालं.

डेल आमचा एकुलता एक मुलगा. 'ती' म्हणजे त्याची बायको, मार्नी. फेब्रुवारीतली सकाळ होती. उतारावरून खाली आलं की चौक लागतो, तिथे थांबायची पाटी आहे. पिकअप मार्नी चालवत होती, डेल शेजारी बसून थर्मासमधली कॉफी ओतत होता. गाडी पाटीपाशी थांबली नाही. ओंडके भरलेला ट्रक डेलच्या बाजूने येऊन आदळला. मार्नीचं मनगट मोडलं. डेलला आम्ही मे महिन्यात, गोठलेली जमीन मऊ झाल्यावर पुरलं.

आमच्याकडे बर्फावर ब्रेक कसा मारायचा हे पोरं बोलायला लागतात तेव्हाच शिकतात. टपटप दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. दाबून धरला की चाकं जाम, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळ घसरत जाते. मार्नी मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडची. तिकडच्यांना आम्ही 'पुलाखालचे' म्हणतो. पुलाखालच्यांना हिवाळा कळत नाही, हे इथे बायबलात लिहिल्यासारखं धरून चालतात. त्यामुळे गावाला आणखी पुराव्याची गरज पडली नाही. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. इथे कुणी कुणाला तोंडावर बोलतच नाही, तीच तर सगळी पंचाईत आहे.

या गोष्टीला दोन हिवाळे झाले. मार्नीने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. नऊ मैलांवरच्या वृद्धाश्रमात ती कामाला जाते. तिला सकाळी सोडायचं आणि दुपारी आणायचं काम माझं. या जानेवारीत तिने सांगितलं की मार्च संपला की ती दक्षिणेला बहिणीकडे जाणार, कायमची.

त्या शनिवारी आम्ही दोघी सौनात, घरामागच्या वाफेच्या खोलीत, बसलो होतो. मी तापल्या दगडांवर पाणी टाकलं आणि वाफेत तिचं तोंड दिसेनासं झालं. तसं झालं की माणूस बोलतो.

"तिकडे बस आहे, ऐली," ती म्हणाली. "मला गाडी चालवावी लागणार नाही. आणि तिकडे कुणाला माहीत नाही, मी त्याला मारलं ते."

"काहीतरी बोलू नकोस."

"मीच मारलं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, नव्या गाड्यांना एबीएस असतं. पाय दाबून धरा, सोडू नका. गाडी स्वतःच चाकांना जाम होऊ देत नाही, आपण फक्त वळवायचं. मी तसंच केलं गं. उजवीकडे बर्फाचा ढीग होता, त्यात घालावी म्हणून स्टिअरिंग पार फिरवलं. वळलीच नाही. सरळ गेली. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. घाबरून पाय उचलला असेल. आठवतच नाही मला."

मी आणखी पाणी टाकलं.

मंगळवारी माझ्या गाडीत वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला, म्हणून मी टोइवोच्या गॅरेजात गेले. त्याने स्टिअरिंगखाली हात घालून काहीतरी उपटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं पिवळं प्लास्टिक, खाली दोन दात.

"एबीएसचा फ्यूज. उडालाय. दोन मिनिटांचं काम."

"असला एक माझ्या स्वयंपाकघराच्या खणात आहे," मी म्हटलं. "सहा वर्षं लोळतोय, रबरबँडात. मला वाटायचं रेडिओचा असेल."

"आर्वोने काढला असणार. म्हातारे काढतातच. बर्फावर ब्रेक दाबला की पायाखाली थरथरतं ना, ते यांना सोसत नाही. म्हणे, आमच्या पायाला अक्कल आहे, यंत्राची नको…" बोलता बोलता टोइवो थांबला. मग माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचा पाना शोधायला लागला. कुठला पाना शोधत होता देव जाणे, सगळे तर समोर टांगलेले होते.

मला सहा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. जुनी पिकअप, पुढे डेलकडे गेलेली, तेव्हा नवीकोरी होती. आर्वो फाटकातून आत वळला, ब्रेक दाबला, पायाखाली थरथरल्याबरोबर दचकून पाय उचलला आणि आमचीच टपालपेटी खांबासकट आडवी केली. एकतीस वर्षं बर्फ ढकलताना सगळ्या गावाच्या टपालपेट्या पाडल्याचे आरोप ज्याच्यावर, त्याने स्वतःची पाडली! एल्साच्या दुकानात आठवडाभर कुणाला दुसरा विषय नव्हता. बर्फ आणि खांब यांतला फरक ओळखायला आर्वोला चष्मा हवा म्हणाले. मीही हसले होते. चांगली पोट धरून हसले होते.

मी घरी आले, खणातून तो फ्यूज घेतला आणि फावडं घेऊन शेडमागे गेले. चेपलेली पिकअप आर्वोने तिथे आणून ठेवली होती, सुटे भाग कामाला येतील म्हणून. दोन वर्षांत त्याने तिच्यातून एक बोल्टही काढला नव्हता. दारापुढचा बर्फ काढायला मला अर्धा तास लागला. आत चालकाच्या जागी बसले. काट्यांच्या शेजारी काळ्या चिकटपट्टीचा चौकोनी तुकडा लावलेला होता. नखाने सोलला. खाली तोच दिवा होता, माझ्या गाडीत लागलेला. मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. सगळ्या खाचा भरलेल्या, एक रिकामी. हातातला फ्यूज मी त्या खाचेत दाबून पाहिला. बसला.

नवी पिकअप घेतली तेव्हा ही जुनी त्याने मोठ्या मनाने डेलला देऊन टाकली होती. चावी देताना मी शेजारी उभी होते. तेल कुठलं घालायचं, दार कसं अडकतं, मागे वाळूची पोती किती टाकायची, सगळं सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं.

आर्वो जेवायला आला तेव्हा मी फ्यूज त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा कुठला?"

"रेडिओचा," तो म्हणाला. वर न बघता.

"आर्वो."

त्याने काटा खाली ठेवला.

"डेलला सांगितलं होतंस?"

"सांगणार होतो. राहून गेलं."

"आणि ती चिकटपट्टी?"

"दिवा डोळ्यांत खुपायचा."

"आणि तुझ्या नव्या गाडीतला फ्यूज?"

चुलीवर पाणी उकळत राहिलं. "तोही काढला होता. परत लावला."

"कधी?"

"मे महिन्यात. त्याला पुरून आलो त्या दिवशी."

म्हणजे याला ठाऊक होतं. दोन वर्षं ती पोरगी माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत कामाला जात होती, आणि याला ठाऊक होतं. चुलीवरची किटली उचलून फेकावी असा राग आला मला. फेकली नाही, कारण त्याचे हात टेबलावर होते आणि ते हात मला बघवेनात. डेल त्याचाही होता.

"सांग तिला," मी म्हटलं.

"सांगून तो परत येणार आहे?"

"तो नाही येणार. पण ती चाललीय, जन्मभर स्वतःला खुनी समजत. तेवढं तरी अडव."

"नाही जमणार मला, ऐली. तिच्या तोंडाकडे बघून नाही जमणार."

"मग गाडी शिकव तिला. ते जमतं ना तुला? सगळ्या गावाला शिकवलंस."

मार्नी काही लगेच तयार झाली नाही. मी म्हटलं, बहिणीकडे जायचं तर खुशाल जा, पण सामानासारखी नको जाऊस, स्वतः चालवत जा. ती रडली, चिडली, शेवटी शनिवारी सकाळी बूट घालून दारात उभी राहिली.

आम्ही तिघं आर्वोच्या नव्या पिकअपने गोठलेल्या तळ्यावर गेलो. दोन फूट जाड बर्फ, वर वाऱ्याने साफ केलेला. मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या लांब, पलीकडच्या काठाला. मार्नी स्टिअरिंगवर, मध्ये मी, दाराशी आर्वो. एका बाकावर तीन जाड कोट बसले की कुणाला हलता येत नाही. मार्नीचे ओठ पांढरे पडले होते. गाडी हळूहळू पुढे गेली, मग थोडी जोरात.

"आता ब्रेक दाब," आर्वो म्हणाला. "आणि सोडू नकोस."

चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं.

तिने दाबला. खालून कर्रकर्र आवाज आला. "हे काय? हे काय होतंय?" ती ओरडली.

"असंच होतं. पाय सोडू नकोस. वळव. उजवीकडे वळव."

तिने वळवलं. गाडी वळली. एखाद्या शहाण्या घोड्यासारखी उजवीकडे आली आणि थांबली.

"पुन्हा," मार्नी म्हणाली. कुणाची परवानगी न घेता तिने पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला, पुन्हा वळवलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा थांबल्यावर ती समोर बघत बसून राहिली.

"त्या दिवशी हे झालं नव्हतं," ती म्हणाली. "पायाखाली काहीच नव्हतं. दगडावर पाय ठेवल्यासारखं होतं. आता आठवतंय मला. मी पाय उचलला नव्हता, ऐली. मग थरथरलं का नाही?"

मी मध्ये बसले होते. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते द्यायचं काम माझं नव्हतं. काचेवर आमच्या श्वासांची वाफ धरत गेली. शेवटी आर्वोने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"थरथरणार नव्हतं," तो म्हणाला. "फ्यूज मी काढून ठेवला होता. दिव्यावर पट्टी लावली होती. आणि गाडी तुम्हाला दिली. तू बरोबर केलंस, मार्नी. सगळं बरोबर केलंस तू."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"चर्चच्या तळघरात. ते वाक्य तोंडातून निघालं, तेव्हाच."

मार्नी रडली नाही. मी रडले. तिने गिअर टाकला आणि गाडी तळ्यावरून काठावर, काठावरून रस्त्यावर घेतली. गावात जायला तोच उतार आहे, दुसरा रस्ता नाही. तिने वरूनच ब्रेक दाबला. खाली कर्रकर्र वाजत राहिलं आणि पाटीच्या चांगली पाच-सहा फूट अलीकडे आम्ही थांबलो. चौक रिकामा होता. ती डावीकडे बघून, उजवीकडे बघून पुढे निघाली.

एल्साच्या दुकानासमोर तिने गाडी थांबवली. आत सकाळच्या कॉफीची सगळी मंडळी होती. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

"जा," मार्नी म्हणाली.

"काय?" आर्वो म्हणाला.

"त्यांना तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत. आताही तुम्हीच सांगा. मी इथे आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे बोट दाखवलं. तो उतरला, घसरू नये म्हणून दाराला धरून क्षणभर उभा राहिला, मग आत गेला. एल्सा कपात कॉफी ओतायला लागली. त्याने मान हलवून नको म्हटलं. खुर्चीवर बसला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून टेबलांच्या मध्ये उभा राहिला आणि बोलायला लागला. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते. एकेक कप खाली आला. एल्सा किटली हातात धरून तशीच थांबली. मग एकाने मान वळवून खिडकीबाहेर आमच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी.

मार्नी त्यांच्याकडे सरळ बघत होती. इंजिन चालू होतं. माझं लक्ष खाली गेलं. गाडी कधीचीच थांबली होती, पण तिचा पाय अजून ब्रेकवर गच्च होता.

मी हात लांबवून गिअर 'पार्क'ला टाकला.

"थांबलीय गाडी, पोरी," मी म्हटलं. "आता पाय उचललास तरी चालेल."