संगप्पांच्या स्लॅबवरचे सात पाईप

लातूरच्या त्या घराच्या स्लॅबवर सात पाईप होते. घर चाळीस वर्षांचं. महांतेशच्या वडिलांचा, म्हणजे संगप्पांचा, नेम असा की दर दुष्काळाला एक नवा पाईप टाकायचा आणि जुना कधी काढायचा नाही. "राहू दे की, काय खायला मागतोय का?" असं ते म्हणत. त्यामुळे कुठला पाईप कुठून निघतो आणि कुठं जातो, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. दोन वर्षांमागं ते लिंगैक्य झाले. जाताना त्यांनी पासबुक, विम्याचे कागद, लॉकरची किल्ली, सगळं समजावून सांगितलं. पाईपांचं तेवढं राहून गेलं.

आता बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार उरली होती. महांतेशची आई गुरम्मा बादली लावून जायच्या, चार भाकरी थापून यायच्या, तरी बादली अर्धीच. ही बातमी पुण्याला थोरल्या मुलाच्या, शिवमूर्तीच्या, कानावर गेली आणि त्यानं फोनवरच फैसला सुनावला.

"रविवारी गाडी घेऊन येतो. नळाला धार असली तर अव्वा राहील. न्हाई तर गाडीत बसंल. माझ्या फ्लॅटला चोवीस तास पाणी हाय."

"पाणी चोवीस तास हाय, बोलायला कोन हाय?" गुरम्मा म्हणाल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या. मग त्यांनी गुपचूप पिशवी काढली आणि लुगडी घड्या घालून आत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. महांतेश बघत होता. आई पुण्याला गेली की अण्णा घर विकायला काढणार, हे त्याला कळत होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं.

गुरुवारी प्लंबर आला. त्यानं पाईप दोनदा मोजले आणि चप्पल काढून हात जोडले.

"मालक, हे घर न्हाई, वारूळ हाय. कुठं हात घालू?"

चहा मात्र पिऊन गेला.

शनिवारी सकाळी महांतेश स्वतः करवतीचं पान घेऊन स्लॅबवर चढला. ज्याला झेरॉक्सचं मशीन खोलता येतं त्याला पाईप काय अवघड, असा त्याचा हिशेब. मोबाईलवर त्यानं तीन व्हिडिओ बघितले होते. व्हिडिओतल्या माणसाच्या घराला एकच पाईप होता. तो माणूस सुखी दिसत होता.

महांतेशची पद्धत सोपी होती. मेलेले पाईप कापत जायचं, शेवटी जो उरेल तो जिवंत. पहिले पाच कापले. एकातून गंज पडला, एकातून मुंग्या, तिसऱ्यातून एक पाल निघाली आणि त्याच्याकडं रागानं बघून गेली. बाकीच्या दोनातून काहीच नाही. सहावा पाईप कठड्याच्या गिलाव्यात अर्धा गाडलेला होता. त्याला बघून महांतेश म्हणाला, "हा तर मढंच हाय."

मढ्यानं त्याला छातीवर लाथ घातली. दोन्ही बाजूंनी पाणी उसळलं. एका हातानं एक तोंड दाबावं तर दुसरं सुटायचं. शेवटी तो एका तोंडावर बसला आणि दुसऱ्यात रुमाल कोंबू लागला. तोवर दोन्ही टाक्या रिकाम्या झाल्या.

दोन्ही. कारण खालून गुरम्मा ओरडल्या, "महांतेश, काय करायलास? किचनचा नळ गेला!" आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून शेजारच्या शांतम्मा ओरडल्या, "आमचं पाणी कुठं गेलं ओ?"

दोघी आपापल्या स्लॅबवर आल्या. मधे कमरेएवढा कठडा. त्यांचं बोलणं आठ वर्षांपासून बंद होतं. शांतम्मांनी शेवयाचं यंत्र नेलं होतं आणि परत दिलं ते दांडा नसलेलं. दांडा आधीपासूनच नव्हता, असं शांतम्मांचं म्हणणं. त्या दिवशी गुरम्मांनी गल्लीत उभं राहून सांगितलं होतं, "हिच्या घरच्या पाण्याचा थेंब जरी घशाखाली गेला तर मला गुरम्मा म्हनू नका!" शांतम्मांनीही तेच सांगितलं होतं, फक्त नाव बदलून.

"महांतेश, तिला विचार, आमच्या घरात पानी न्हाई तर ती का बोंबलायली?"

"महांतेश, तुझ्या आईला सांग, बोंब मी आधी मारली."

महांतेश पाईपावर बसलेला होता. तेवढ्यात शांतम्मांचे यजमान मल्लिनाथ जिना चढून आले. त्यांनी कापलेला पाईप बघितला आणि हळूच कठड्यावर बसले.

"सापडला म्हना की," ते म्हणाले.

"काय काका?"

"दोन हजार सोळाच्या दुष्काळात तुझ्या बापानं अन् मी घातला. दोन टाक्या जोडल्या. आमच्या बोअरला पाणी होतं, तुमच्या नळाला जोर होता. एक भरली की दुसरी भरायची. पुढच्या वर्षी ह्या दोघींचं वाजलं. संगप्पा म्हनाले, तोडावं का? मी म्हनालो, बायकांचं भांडन हाय, पाण्याचं काय भांडन हाय?"

 रुमालातून पाणी ठिबकत होतं.

"म्हंजे आठ वर्षं मी हिचं पानी पिले?" गुरम्मा म्हणाल्या.

"अन् मी तिचं?" शांतम्मा म्हणाल्या.

"अन् माझ्या लिंगपूजेचं पानी?" गुरम्मांनी विचारलं.

"तेच, वहिनी," मल्लिनाथ खाली बघून म्हणाले. "काही कमी पडलं का?"

महांतेशनं घसा खाकरला. "अव्वा, नुसतं बंद करायचं तर आत्ता टोपन लावतो. पर आपला बोअर कोरडा हाय अन् नळ आठवड्याला एकदा. उद्या अण्णा येनार."

गुरम्मांनी पदर खोचला. मग त्यांनी आठ वर्षांत पहिल्यांदा थेट कठड्यापलीकडं बघितलं.

"तुझ्या टाकीला झाकन हाय का?"

"हाय. तुझ्या टाकीला?"

"फुटलेलं हाय."

"म्हंजे आम्ही कबुतरांचं पिलो!"

"जोड रे," गुरम्मा महांतेशला म्हणाल्या. "पर आधी दोन्ही टाक्या घासून काढू. रिकाम्या झाल्याच हायत."

दुपारभर घासणं चाललं. गुरम्मांच्या टाकीच्या तळाला वीतभर गाळ निघाला, आणि बाथरूमकडं जाणाऱ्या तोंडात त्याचा दगडासारखा बोळा बसला होता. महांतेशनं तो खिळ्यानं कोरून काढला. सगळा रोग एवढाच होता. सात पाईपांना हात लावायची काही गरजच नव्हती. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. जोड लावून, सोल्युशन वाळवून त्यांनी शांतम्मांचा बोअर सुरू केला.

रविवारी दहाला शिवमूर्ती आला. बूटसुद्धा न काढता बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला. धार अशी पडली की बादली जागची सरकली. त्यानं नळ बंद केला, पुन्हा सोडला, खाली वाकून बघितलं. खोट सापडेना.

"अव्वा कुठाय?"

"शांतम्मा काकूंकडं."

"शांतम्माकडं?"

भिंतीपलीकडून आवाज येत होते. "माझ्या बोअरवर आठ वर्षं अंघोळी केलीस!" "अन् तू माझ्या नळावर सुनेची दोन बाळंतपनं केलीस, त्याचं काय?"

"भांडायल्यात की रे," शिवमूर्ती म्हणाला.

"व्हय. सकाळी आठपासून. दोनदा चहा झाला."

"कधी संपंल?"

"आठ वर्षांचं हाय, अण्णा. आता कुठं पहिल्या उन्हाळ्यात आल्यात."

शिवमूर्तीनं गाडीची किल्ली खिशात टाकली, बूट काढले आणि अंघोळीला टॉवेल मागितला.