डाव्या दरवाज्याची ट्रायल

जयवंत रेडकरांच्या गाडीचा पुढचा डावा दरवाजा खडखडत होता, आणि त्या बाजूला बसायला कोणी नसल्यामुळे ती खडखड सगळीच्या सगळी त्यांच्याच वाट्याला येत होती. गाडी चाळीसच्या वर गेली की सुरू. आधी बारीक थरथर, मग डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा आवाज. बोरिवलीहून मुलुंडला बहिणीकडे जाईपर्यंत डोकं उठायचं.

पूर्वी हा आवाज नव्हता. त्यांची बायको शेवंती त्या सीटवर बसायची तेव्हा तिचं कोपर कायम दरवाज्यावर टेकलेलं असायचं. अडीच वर्षांपूर्वी नात झाली आणि शेवंती मुलाकडे बंगळुरूला गेली ती तिकडचीच झाली. "बाबा, तुम्हाला इकडे करमणार नाही," असं निलेशने परस्पर ठरवून टाकलं, आणि जयवंतरावांनीही "छे रे, मी इथे मजेत आहे" म्हणून मोठेपणा मिरवला. आता रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. त्यात दहा मिनिटं नातीचं नाक दिसायचं आणि मागून कुठूनतरी शेवंती विचारायची, "भाजी आणलीत?" "आणली." फार तर गाडीचा दरवाजा खडखडतोय एवढं. संपलं. एकमेकांवाचून करमत नाही हे चाळीस वर्षांच्या संसारात दोघांपैकी एकानेही तोंडातून काढलं नव्हतं. ते आता फोनवर, मुला-सुनेच्या देखत, कुठून निघणार?

तर खडखड घेऊन जयवंतराव जोगेश्वरीच्या एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकान विकी नावाच्या पोराचं, पण कानाचं काम भीमराजचं. चाळिशीचा, कमी उंचीचा, दरवाज्यावर तळहात ठेवून डोळे मिटणारा माणूस. त्याने दरवाज्याचं आतलं प्लास्टिकचं पॅड उतरवलं, आतला पत्रा पुसून कोरडा केला, त्यावर काळी रबरी शीट चिकटवली आणि रोलर फिरवून तिच्यातला हवेचा एकेक फुगा बाहेर काढला. हलणाऱ्या वायरींना फोम गुंडाळला. पॅड परत बसवून प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा पॅडवर.

"हे कशाला?" जयवंतरावांनी विचारलं.

"स्क्रू आपोआप ढिला होतोय की कोणी फिरवलाय, ते मला कळतं, काका. चला, ट्रायल मारू. गाडी तुम्हीच चालवायची. मी चालवली तर आवाज माझ्या पायाचा येईल."

भीमराजच्या ट्रायलचे नियम ठरलेले. जाताना काचा बंद, एसी बंद, रेडिओ बंद, तोंड बंद. तो शेजारी बसून ऐकणार. येताना मात्र काचा खाली करून गप्पा. आरेच्या रस्त्यावरून परत येताना भीमराजने आपल्या मुलीची, संघमित्राची, गोष्ट सांगितली. ती कबड्डीत गुडघा फोडून आली होती आणि आईपासून लपवायला घरात फुल पॅंट घालून फिरत होती. जयवंतराव इतके हसले की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मग भीमराजने विचारलं, "काकी कुठं असतात?" आणि जयवंतराव बोलत सुटले. नात, बंगळुरू, पोळीभाजीचा डबा, सगळं. दुकान आलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

दरवाजा अगदी गप्प झाला. गाडीत इतकी शांतता पसरली की जयवंतरावांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. आठवड्याभरात ते परत दुकानात गेले. "थोडा येतोय रे." तेव्हा त्यांना खरंच काहीतरी ऐकू आलं होतं, निदान ते तसं स्वतःला सांगत. भीमराजने पॅड उघडून सगळं पुन्हा दाबलं, ठिपके नव्याने दिले. पुन्हा ट्रायल, पुन्हा गप्पा.

तिसऱ्या खेपेला मात्र आवाजच येईना. रविवारी दुपारी सोसायटीचं पार्किंग रिकामं बघून जयवंतराव स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरले. उभा जन्म कारखान्यात मशिनी जुळवण्यात घालवलेला माणूस. बिघडवायला पाच मिनिटं पुरली.

मंगळवारी दुकानात मात्र विकी स्वतः बाहेर आला. "सॉरी काका. एकच दरवाजा तिसऱ्यांदा? दुकानाची वाट लागली ना यार." तो वळून म्हणाला, "भीमराज, आजपासून तू सीट कव्हरं बघ. डॅम्पिंगला, आवाज बंद करायच्या कामाला, मी दुसरा माणूस आणतो."

भीमराज दरवाज्यापाशी वाकला होता. त्याने पॅडवर बोट फिरवलं. पिवळा ठिपका मधोमध तुटला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्याने मान वर करून जयवंतरावांकडे पाहिलं.

"माझंच चुकलं असेल, शेठ," भीमराज म्हणाला आणि हात पुसायला लागला.

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. विकीला काही कळलं नसतं आणि भीमराजने सांगितलं नसतं. जयवंतराव गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आपल्यावर ही वेळ यावी याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

"त्याचं नाही चुकलं," ते म्हणाले. "स्क्रू मी ढिले केले. घरी."

"काय? कशाला?"

"ट्रायलला तो शेजारी बसतो म्हणून."

कव्हर शिवणारे दोघे हसले. विकीही हसणार होता, पण त्याला ते जमलं नाही. "काका, तुम्ही पण ना," एवढंच पुटपुटून तो आत गेला आणि जाता जाता भीमराजला म्हणाला, "तूच कर."

भीमराजने पॅड बसवलं, स्क्रू आवळले. ट्रायलचं नाव काढलं नाही. किल्ली देताना मात्र त्याचा आवाज चढला. "बावीस वर्षांत माझं काम परत आलं नव्हतं, काका. फोन केला असतात, चहाला ये म्हणाला असतात, तर आलो नसतो का? माझ्या हातावर संशय आणलात तुम्ही."

"चुकलो रे," जयवंतराव म्हणाले.

हायवेवर गाडी साठला गेली तरी दरवाजा हूं की चूं करेना. जयवंतराव तसेच घरी आले, दिवा न लावता बसून राहिले. सातला फोन वाजला. नातीचं नाक दिसलं.

"आजीकडे दे गं," ते म्हणाले.

शेवंती समोर आली. "काय झालं? दरवाजा झाला ना दुरुस्त?"

"झाला. शेवंती, मला एकट्याला करमत नाही. अजिबात नाही. तू ये."

मग चित्र हललं, भिंत गेली, कपड्यांची दोरी गेली, आणि कुठलंतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला. शेवंती अंधाऱ्या बाल्कनीत उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"अडीच वर्षं झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "मी रोज फोन लावते तो हेच ऐकायला. तुम्ही रोज सांगता, भाजी आणली."