खाडीत गेलेला अडॅप्टर

धोंडू परबाने टेम्पोचा अडॅप्टर ऐरोलीच्या पुलावरून खाडीत टाकला आणि हात झटकले. पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही. रिक्षावाला पुढे थांबला होता, त्याला म्हाताऱ्याने निर्माल्य सोडलं असंच वाटलं असणार. संशयाला जागा नको म्हणून धोंडूने पाण्याला नमस्कारही केला.

अडॅप्टर म्हणजे तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा गोल तुकडा. एका बाजूने तो इंजिनला बसतो, दुसऱ्या बाजूला आटे असतात, त्यावर ऑइल फिल्टर फिरवून घट्ट करायचा. टेम्पो जुना. त्याच्या मूळ जातीचे फिल्टर बाजारातून कधीच गेले, म्हणून कुर्ल्याच्या एका मिस्त्रीने कोणे एके काळी मध्ये हा तुकडा घालून हल्लीचा फिल्टर बसवून दिला होता. मिस्त्री वारला, त्याचं गॅरेज मोडून तिथे मोबाइलचं दुकान झालं, आणि आता तुकड्याला चीर जाऊन तेल ठिबकायला लागलं. धोंडूच्या मुलाने, निलेशने, तो काढून कागदात गुंडाळून खिडकीत ठेवला होता, नमुना म्हणून. स्पेअर पार्टच्या बाजारात नमुन्याशिवाय कोणी धड बोलत नाही. नमुना नाही तर पार्ट नाही, पार्ट नाही तर टेम्पो नाही, इतकं साधं धोंडूचं गणित होतं.

आता स्वतःच्याच टेम्पोच्या मुळावर हा माणूस का उठला, ते सांगायला हवं. गिरणी बंद पडल्यावर धोंडूनेच हा टेम्पो घेतला होता. भांडुपच्या एका मांडववाल्याच्या खुर्च्या, गाद्या आणि माणूस बसेल एवढी पातेली वाहून त्याने घर चालवलं. मग निलेशने चालवायला घेतला, आणि खुर्च्या उचलून उचलून निलेशची कंबर गेली. सकाळी अंथरुणातून उठून सरळ उभं राहायला त्याला भिंत लागायची. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो बांधून हा पुन्हा खुर्च्या उचलायला जायचा.

आणि सोन्यासारखी नोकरी दारात उभी होती. मुलुंडला विद्याधर सामंत म्हणून एक गृहस्थ शाळांना बसगाड्या पुरवत. त्यांना गाड्यांवर देखरेख करायला माहितगार माणूस हवा होता. बांधलेला पगार, रविवारी सुटी, आणि उचलायचं म्हणजे फक्त फोन. त्यांनी निलेशला दोनदा विचारलं, निलेश दोन्ही वेळा नाही म्हणाला. का, ते धोंडूने स्वतःच्या कानांनी ऐकलं. स्वयंपाकघरात निलेश बायकोला सांगत होता, "श्रुतिका, गाडी गेली ना, तर बाबा खचतील गं. त्यांच्या डोळ्यांसमोर कशी विकू मी?"

बाहेर खुर्चीत बसलेल्या धोंडूला हसावं की रडावं कळेना. त्याला त्या टेम्पोचं काडीचंही प्रेम उरलं नव्हतं. त्याला मुलाची कंबर हवी होती.

मग सरळ सांगायचं ना! तर तिथेच सगळं अडलं होतं. धोंडू मालवणकडचा, आणि त्याच्या मुलखात सरळ बोलणं म्हणजे अळणी जेवण. सुनेची माशाची कढी फक्कड झाली तर तो विचारायचा, "आज मीठ घालूचा कसा काय आठवला?" आणि ही स्तुती आहे हे श्रुतिकाला लग्नानंतर बऱ्याच काळाने समजलं. जन्मभर असं तिरकं बोललेल्या माणसाचं सरळ बोलणं कोण खरं मानणार? "ईक ती गाडी, माका नको," असं तो एकदा खरोखर म्हणाला होता. बाबा दुखावले, असं समजून निलेश रविवारचा अख्खा टेम्पो घासत बसला, वर समोरच्या काचेला झेंडूचा हार घातला. धोंडूने कपाळाला हात लावला. त्याचाही अर्थ निलेशने भलताच घेतला.

म्हणून ही खाडीची वाट.

नमुना सापडेना तेव्हा निलेशने घर उलथंपालथं केलं. "बाबा, खिडकीतला अडॅप्टर बघितलात?"

"माका काय इचारतंस? मी काय तुझ्या नटबोल्टांचो राखणदार?"

हे नेहमीच्याच सुरात आल्यामुळे निलेशला काही संशय आला नाही. त्याच्याकडे मोबाइलवर फोटो होता. तो म्हणाला, "चला बाबा, तुम्ही पण चला. तुमच्या हातातून गेलाय तो पार्ट. दुकानदाराला तुम्हीच नीट सांगाल."

झालं! ज्याने चोरी केली त्यालाच पंच नेमलं. पण नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून धोंडू टोपी घालून निघाला.

मुलुंडच्या पहिल्या दुकानात, "नमुना?" "नाही." "मग कठीण आहे." धोंडूला इतकं बरं वाटलं की त्याने स्वतःच्या खिशातून दोन कटिंग चहा मागवले. दुसरा दुकानदार फोटो बघून म्हणाला, "काय सांगता, ही गाडी अजून रस्त्यावर आहे?" हा माणूस धोंडूला फार आवडला. भांडुपच्या दुकानदाराने तर सरळ सल्लाच दिला, की भाऊ, भंगारात घाला आणि सुटा. धोंडूने मुलाकडे बघितलं. निलेशने मोबाइल खिशात टाकला, कंबरेचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "घाटकोपरला जाऊ."

घाटकोपरच्या जयंतीभाईंचं दुकान म्हणजे आत एक माणूस मावेल एवढी फट आणि बाकी सगळे पार्ट. बापजाद्यांपासूनचा धंदा. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"फोटो बघून लग्न ठरते, पार्ट नाय ठरत. काका, तुम्ही सांगा, केवढा होता?"

धोंडूने दोन्ही हातांनी चांगली भाकरीएवढी गोलाई दाखवली.

"काका, एवढा तर रेल्वेच्या इंजिनला लागते!"

निलेशला हसू फुटलं. "बाबा, एवढा नव्हता हो."

"तुका ठावक हा तर माका कित्याक इचारतंस?" धोंडू गुरगुरला.

तोवर जयंतीभाईंनी चष्मा काढला होता. हा माणूस आता काहीतरी उपयोगाचं बोलणार, हे धोंडूने ओळखलं.

"जुना फिल्टर घरी आहे?"

"आहे."

"इंजिन तर आहेच. मग नमुना कशाला पायजे? एका बाजूचा माप फिल्टर देणार, दुसऱ्या बाजूचा इंजिन देणार. मधला करून घ्या. साकीनाक्याला सहदेव टर्नर आहे, माझा नाव सांगा. इंजिनच्या तोंडावर कागद दाबून छाप घेऊन जा."

इतक्या चांगल्या माणसाचा धोंडूला जन्मात एवढा राग आला नव्हता.

त्याच संध्याकाळी सामंतांचा फोन आला. निलेश खाली टेम्पोपाशी होता, म्हणून श्रुतिकाने घेतला. अजूनही तयार असेल तर सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो, असं ते म्हणाले. निलेश वर आल्यावर तिने सांगितलं. "ठेवू देत," एवढंच बोलून तो भिंतीला धरून खाली बसला. हात ग्रीसने माखलेले होते. मांडीवर कॅलेंडरचं जुनं पान होतं. त्याची कोरी बाजू इंजिनच्या तोंडावर दाबून त्याने छाप घेतला होता. भोकं, कडा, सगळं स्पष्ट उमटलं होतं. श्रुतिका आत गेली. धोंडूला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी साकीनाक्याला. सहदेव टर्नर हसतमुख आणि घाईतला माणूस, एका हाताने लेथ आणि दुसऱ्या हाताने फोन चालवणारा. त्याने अ‍ॅल्युमिनियमचा गोल तुकडा कापून तासून ठेवला, फिल्टरच्या आट्यांचं माप घेतलं, आणि भोकांच्या खुणा करायला कॅलेंडरचं पान तुकड्यावर पसरलं. ग्रीस आरपार झिरपून छाप दोन्ही बाजूंनी सारखाच दिसत होता. निलेश दाराबाहेर भाडं नाकारण्यासाठी कोणाशी तरी फोनवर बोलत होता.

स्टुलावर बसलेल्या धोंडूने बघितलं, की पानावर तारखा वर आल्या आहेत. इंजिनला टेकली होती ती तर कोरी बाजू. म्हणजे पान उलटं. आता सगळी भोकं आरशात दिसतात तशी, डावीकडची उजवीकडे पडणार.

देवानेच ही संधी दिली, असं त्याला क्षणभर वाटलं. गप्प बसायचं, बस्स. काम फसेल, निलेश वैतागेल, सोमवार येईल. सहदेवने खुणा ठोकायचा पंच उचलला. धोंडू गप्प बसला. पण फसेल म्हणजे नेमकं काय होईल? तेलाचं भोक अर्धवट झाकलं जाईल. टेम्पो चालू होईल, गल्लीतून बाहेर पडेल, आणि तेल न मिळून इंजिन जाम होईल ते कुठे? खुर्च्या भरून पुलाच्या चढावर, मागे ट्रकांची रांग आणि आत पट्टा बांधलेला निलेश. शिवाय गिरणीत धोंडू फिटर होता. डोळ्यांदेखत काम बिघडतंय आणि आपण बघत बसलोय, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

"अरे, कागद उलटो धरलंस!" तो ओरडला. "तारखांची बाजू खाली घाल!"

सहदेवने पान उलटं करून बघितलं आणि जीभ चावली. "काका, वाचवलंत. सगळा पीस गेला असता."

निलेश आत आला होता. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सहदेवला अभिमानाने सांगितलं, "बाबांचा जीव आहे त्या गाडीत."

धोंडूने डोळे मिटून घेतले. जे होऊ नये म्हणून खाडीपर्यंत गेलो, ते स्वतःच्या तोंडाने करून आलो!

रविवारी सकाळी निलेशने चाळीसमोर टेम्पोखाली गोणपाट टाकलं आणि अडॅप्टर बसवला, वर फिल्टर फिरवला, तेल ओतलं. पहिल्या चावीला इंजिनाने धूर सोडला आणि धडधडायला लागलं. निलेश खाली वाकून बघत राहिला. तेलाचा थेंब नाही. शेजारपाजारचे जमले, कोणी शिट्टी वाजवली. उठताना निलेशने दाराला धरलं, दात आवळले, आणि तरीही हसत श्रुतिकाला हाक मारली, "नारळ आण गं! बाबा, गाऱ्हाणं घाला."

चाळीतले बहुतेक सिंधुदुर्गातले, गाऱ्हाणं म्हटल्यावर सगळ्यांनी आपोआप हात जोडले. नारळ हातात घेऊन वडीलधाऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. तिथे टोमणा नाही, आडवळण नाही. देवापुढे जे खरं तेच बोलायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक. नारळ हातात आला आणि धोंडूच्या लक्षात आलं, की आपल्या तोंडचं खरं वाटावं अशी जगात हीच एक जागा आहे.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या धन्या महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तुझी लेकरा आज नारळ घेवन तुझ्याम्होरं उभी आसत. तेंचा गाऱ्हाणा आयकान घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या गाडयेन आमका पोसल्यान. हिचे उपकार आमच्यार आसत, महाराजा!"

"व्हय महाराजा!" निलेशचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"हिचो जो तुकडो हरवलो म्हणतत, तो हरवाक नाय. तो मी माझ्या हातान खाडयेत टाकलंय, महाराजा!"

"व्हय महा..." सवयीने निघालेला गजर मध्येच तुटला. निलेशने डोळे उघडले.

धोंडूने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"माझ्या झिलाची कंबर मोडली. माका बरा वाटूचा म्हणान तो खुर्चये उचलता. माका गाडी नको, महाराजा. माका माझो झील सरळ उभो रवलेलो बघूचो हा. माझी जीभ जल्मभर वाकडी, म्हणान तेका माझा खरा वाटणा नाय. आज तुझ्याम्होरं सरळ सांगतंय. ही गाडी आता बंद होवंदे, आणि फाल्यां सोमवारी तो सामंतांकडे कामाक लागांदे, महाराजा!"

टेम्पोचं इंजिन तेवढं धडधडत होतं. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची रीत नाही.

"व्हय महाराजा!" पहिली श्रुतिका म्हणाली, एकटी, आणि तिचा आवाज फाटला. मग चाळ म्हणाली. मग सगळे निलेशकडे बघायला लागले.

निलेशने ग्रीसच्या बाहीने नाक पुसलं. बापाकडे बघत राहिला, लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायचा तसा.

"व्हय महाराजा," तो म्हणाला.

धोंडूने नारळ दगडावर आपटला, तो एका फटक्यात फुटला. पाणी हातावरून वाहू देत तो खालच्या मानेने म्हणाला, "आता बंद कर ती गाडी. डिझेल काय तुझ्या सासऱ्यान धाडल्यान?"