पहिला कप दाराशी

मी बिडाची किटली बोलतेय, शेगडीच्या मागच्या बर्नरवरून. पण माझी गोष्ट माझ्या जन्माआधीच सुरू झाली, एका बाईनं बोललेल्या नवसापासून.

तिचा नवरा ओतकामाच्या कारखान्यात होता. एकदा वितळलेल्या लोखंडाची ठिणगी उडाली आणि त्याचे दोन्ही डोळे पट्टीखाली गेले. परत दिसेल का, हे डॉक्टरही सांगेनात. ती त्याच्या खाटेशी बसून हात जोडून म्हणाली, "देवा, ह्यांची नजर परत दे. बरे झाल्यावर ते जी पहिली वस्तू ओततील, तिच्यातला पहिला चहा रोज दाराशी येणाऱ्याला देईन. तो दिल्याशिवाय माझ्या घशाखाली चहाचा घोट उतरणार नाही."

पट्टी सुटली. त्यानं आधी तिच्याकडेच पाहिलं.

"अगं, किती वाळलीस तू!"

"दिसतंय ना? मग कामावर जायला लागलात की पहिल्यांदा एक किटली ओता."

"किटलीच का?"

"मग काय, तव्यानं चहा ओतू लोकांना?"

अशी मी जन्मले. वाळूच्या साच्यात त्याचा अंगठा चुकून रुतला होता. तिथे माझ्या पोटावर एक उंचवटा राहिला. त्याचे सोबती म्हणाले, घासून टाक. तो म्हणाला, "राहू दे. माझी सही आहे ती." ज्या हातांनी अंधार चाचपला, त्यांची पहिली सही माझ्या अंगावर आहे. मला अभिमान वाटणार नाही तर कुणाला वाटेल?

मी जड आहे, हे मान्य. तापायलाही वेळ घेते. पण एकदा तापले की पाहुण्यांच्या गप्पा संपेपर्यंत निवत नाही. माझ्या पोटात पत्ती टाकली तर मात्र चहा काळाकुट्ट होतो आणि त्याला लोखंडाची चव येते. म्हणून बाईंनी मला जोडीला मातीची किटली आणली. पाणी मी उकळायचं, पत्ती तिच्यात मुरायची. मी तिला जाऊबाई म्हणते. नाजूक आहे, पण हट्टी. जे पोटात घेते त्याचा वास कधी सोडत नाही. रोजचा चहा पिऊन पिऊन ती इतकी मुरली, की नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहाचा वास सुटायचा.

आम्ही दोघींनी दाराशी कोण कोण पाहिलं म्हणून सांगू! दूधवाला, झाडूवाली, पत्ता चुकलेला विमा एजंट. एकदा वरच्या मजल्यावरची बाई भांडायला आली. "तुमच्या नळामुळे आमचं पाणी जातं," एवढं म्हणेपर्यंत तिच्या हातात कप होता. चहा संपेपर्यंत भांडणातली वाफही गेली. आमच्या बाई मात्र कधी म्हणाल्या नाहीत की मी दान करते. म्हणायच्या, "मी देणं फेडतेय."

मग एका सकाळी बाई न्हाणीघरात घसरल्या. पायाला प्लॅस्टर लागलं. स्वयंपाकघर नव्या सुनेकडे आलं. पोर मनानं लाख. सासूला खूश करायचं, म्हणून दुपारी सगळे झोपलेले असताना तिनं आम्हाला खाली घेतलं. साबणाचा फेस केला, तारेची घासणी घेतली आणि माझ्या पोटातला वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडून काढला. जाऊबाईला तर साबणाच्या पाण्यात बुडवूनच ठेवलं. मी ओरडणार कशी?

सकाळी माझ्यातून गंजाचं तांबडं पाणी निघालं आणि जाऊबाईच्या तोंडाला साबणाचा वास. दूधवाल्यानं एक घोट घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "ताई, आज चहा आहे की आंघोळ?"

सून रडकुंडीला आली. "आई, मी चमकवायला गेले हो..."

बाईंनी फक्त स्वतःचा कप उपडा ठेवला.

मुलगा संध्याकाळी विजेची किटली घेऊन आला. "आई, ह्यातला दे ना कुणालाही. देव काय भांडं बघतो?"

"तो नसेल बघत. पण मी सांगितलंय ना त्याला, हिच्यातूनच देईन म्हणून."

त्यानंतर बाई चहाविना राहू लागल्या. डोकं दुखायचं, कपाळाला फडकं बांधायच्या, पण घोट घेईनात. सुनेनं तर स्वतःच ठरवून टाकलं, आई पीत नाहीत तोवर मीही पिणार नाही. घरात विजेची किटली खळखळत होती आणि दोन बायका कोरड्या घशानं एकमेकींकडे बघत होत्या.

शेवटी मला ओतणारे म्हातारबाबा म्हणाले, "सूनबाई, टाकू नकोस तिला. मी ओतलीय, एवढ्यानं मरायची नाही. शेजारपाजारच्या घरांतून चहाचा चोथा मागून आण. जेवढा मिळेल तेवढा."

"चोथा? बाबा, मी तोंड कसं दाखवू?"

"दाखव. ह्या घरचा चहा प्यायलेत सगळे."

ती गेली. वरच्या मजल्यावरच्या त्याच बाईनं डबाभर चोथा दिला. तो फडक्यात बांधून सुनेनं माझ्यात मंद आचेवर उकळला. चहा काळा करते म्हणून मी लाजायचे, त्याच काळेपणानं मला वाचवलं. पाणी शाईसारखं झालं, गंजावर काळा थर धरू लागला. तिनं पुन्हा उकळलं, पुन्हा. जाऊबाईला साध्या पाण्यात शिजवून मग चहात बुडवून ठेवलं. घासणीला हातही लावला नाही.

एका सकाळी माझ्यातून स्वच्छ पाणी आलं. सुनेनं माझ्या अंगठ्याच्या खुणेवर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "देवा, आज साधू दे."

तेवढ्यात बाईंनी खाटेवरून हाक मारली, "सूनबाई, दूध संपलंय. पटकन कोपऱ्यावरून घेऊन ये."

ती धावत गेली. परत आली तर दार बंद. तिनं कडी वाजवली. म्हातारबाबांनी दार उघडलं. कुबड्या टेकत बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. मला उचलायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून म्हातारबाबांनीच माझ्यातलं पाणी जाऊबाईत ओतून चहा केला होता. कप बाईंच्या हातात होता.

"घे," बाई म्हणाल्या. "आज दाराशी पहिली तू आलीस."

सून उंबऱ्याबाहेरच उभी राहून प्यायली. चहात डोळ्यांतलं पाणीही थोडं पडलं असेल. मग बाईंनी आपला उपडा कप सुलटा केला.

दूध संपलं नव्हतं हो. भरलेलं पातेलं माझ्या शेजारीच होतं.

आता पहिला कप सून देते. बाई खाटेवरून बघतात आणि मी ऐटीत वाफ सोडते. तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण गंजत पडली असेल. तिला खाली घ्या, चोथा उकळून बरी करा. आणि उद्या सकाळी, स्वतः घोट घ्यायच्या आधी, दाराशी कोण आहे ते बघा.