लीलाबाईंची रुई

"अब्बा, जरा फोनकडे पाहून बोला ना," शगुफ्ता म्हणाली.

"मी रुईकडं पाहू का फोनकडं? एकच काम सांग मले."

तिने स्टँडवरचा फोन थोडा खाली झुकवला. आता पडद्यावर पिंजायचं मशीन, रिकामी खोळ आणि अब्बांचे हात दिसत होते. चेहरा नाही आला तरी चालणार होतं. लाइव्ह सुरू झालं.

तिचे अब्बा, नजीर, कितीतरी वर्षं हिवाळ्यात सायकलला पिंजण बांधून खेडोपाडी फिरले होते. लोकांच्या अंगणात बसून त्यांच्याच शेतातली रुई पिंजायची आणि गाद्या भरून द्यायच्या. घरची बाई समोर बसायची. गप्पा मारायची, पण नजर रुईवरच. पिंजाऱ्याने आपली रुई काढून गिरणीतली रद्दी रुई भरू नये म्हणून. नजीरना त्यात अपमान वाटत नसे. उलट ती कामाला आत गेली, की परत येईपर्यंत ते हात थांबवून बसत.

कंबर गेली तसं फिरणं थांबलं. वणीत दुकान घातलं, मशीन आणलं. पण आपली रुई नजरेआड पाठवायला कोणी तयार होईना. यंदाही कामं आली नाहीत, तर मशीन विकून ते कोळशाच्या डेपोवर चौकीदारी धरणार होते.

तेवढ्यात मारेगावच्या पुढच्या खेड्यातून लीलाबाईंची रुई आली. लेकीच्या, दिपालीच्या लग्नातल्या गादीसाठी. लीलाबाईंचा गुडघा प्रवास करू देत नव्हता. मुलगा कपिल पोतं टाकून गेला, सोबत आईचा निरोप: डोळ्यानं पाहिल्याशिवाय गादी घेणार नाही, त्यापेक्षा फोमची आणू. त्यावर लाइव्हची कल्पना शगुफ्ताची.

गावी आईशेजारी बसलेल्या कपिलने पाठवलेली अक्षरं ती मोठ्याने वाचू लागली. "आई म्हणते, पोत्याची शिवण दाखवा. तिनं लाल दोरा घातला होता."

नजीरनी लाल दोरा दाखवला, मग कापला.

"बरोबर हाय म्हणते. चहा घेतला का, म्हणते."

"सांग त्यायले, चहा त्यायच्याच अंगणात मिळे. अठी पोरगी फोन देते, चहा नाही."

बघणारे वाढत होते. लीलाबाईंच्याच गावच्या बिजलीबाईने लिहिलं, "आमच्याबी गाद्या दबल्या."

मशीन सुरू झालं. शगुफ्ता खोळ धरून बसली. गादी भरली, नजीर तोंड शिवू लागले, तेव्हा तिचं लक्ष फोनकडे गेलं. पडदा पांढराफट होता. पिंजताना उडालेली रुई कॅमेऱ्यावर दाट बसली होती.

खाली अक्षरं साचली होती. "काही दिसत नाही." "वणीत धुकं पडलं काय?" "आता बदलून राह्यले असतील." शेवटचं कपिलचं: "आई उठून गेली."

तिने ते वाचून दाखवलं. "मी सांगते ना त्यायले, रुई बसली म्हणून."

"सांगून काय होते?" नजीर म्हणाले. "बाई उठली तं हात थांबवावा. आज मी थांबलो नाही."

त्यांनी नुकतेच घातलेले टाके उसवले. सगळी रुई चादरीवर ओतली. कुर्त्याच्या टोकाने कॅमेरा पुसला. मग मांडीवर हात ठेवून बसून राहिले. लोक लिहीत होते, काहून थांबले, मशीन बिघडलं का.

बऱ्याच वेळाने कपिलचं आलं. "आई येऊन बसली."

नजीरनी चिमूटभर रुई उचलली. कॅमेऱ्याजवळ नेऊन दोन बोटांत हळूहळू ओढली. रद्दी असती तर लगेच तुटली असती. ही लांबत गेली, पातळ झाली, तरी धागा सुटला नाही.

"आई म्हणते, आमचीच हाय. भरा म्हणते."

गादी पुन्हा भरली गेली. या खेपेला शगुफ्ता एका हाताने खोळ धरून दुसऱ्याने मधूनमधून कॅमेरा पुसत होती. शिवण संपत आली तेव्हा बिजलीबाईने विचारलं, "पोतं कधी पाठवू?"

"अब्बा, ऐकलं का?"

ते ऐकत नव्हते. ओंजळभर रुई उरली होती. अंगणात ती शेवटी बाईच्या पदरात टाकायची असे. नजीरनी दोन्ही हात सवयीने पुढे केले, फोनच्या समोर, आणि मग काय करावं ते न कळून तसेच धरून ठेवले.

"कपिलभाऊ लिहितात," शगुफ्ता वाचता वाचता थांबली. "आईनं पदर पसरला."